शिट्टी आधी वाजली!

न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आभाळाला टेकलेल्या इमारती आणि त्यांच्या तळाशी मुंग्यांसारखी धावणारी माणसे येतात. पण न्यूयॉर्क हे जसे एका शहराचे, तसेच एका मोठ्या राज्याचेही नाव आहे. शहर मागे टाकून बस वायव्येकडे धावू लागली की तासा-दोन तासांत इमारती संपतात, टेकड्या सुरू होतात आणि लाल रंगाचे लाकडी गोठे दिसू लागतात. मग रस्त्याकडेच्या पाट्या वाचून साहित्याच्या माणसाला डोळे चोळावे लागतात. एक गाव होमर, दुसरे व्हर्जिल, तिसरे ओव्हिड! पुढे हेक्टर आहे, रोम्युलस आहे, युलिसीसही आहे. आपल्याकडे एकाच तालुक्यात व्यास, वाल्मीकी, कालिदास आणि भीष्म अशी गावे बांधाला बांध लागून असावीत, तसा हा प्रकार. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना हा मुलूख तुकडे पाडून वाटण्यात आला, तेव्हा त्या तुकड्यांना ग्रीक आणि रोमन पुराणांतली नावे ठेवली गेली. युलिसीस नावाच्या भागात सरोवराच्या टोकाशी एक वस्ती वाढली. तिला साहजिकच युलिसीसच्या बेटाचे नाव मिळाले. ते हे इथाका.

या इथाका गावात माझी ताई पंचवीस वर्षे राहते. दाजी तेथल्या विद्यापीठात मातीचे शास्त्रज्ञ आहेत. गेल्या हिवाळ्यात ताईच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि साठवलेली रजा काढून मी तिच्या मदतीला गेलो. माझी मदत म्हणजे काय, तर तिने खुर्चीवरून सांगावे आणि मी भलत्याच कपाटातून भलताच डबा काढावा! पण भावाच्या हातचा बिघडलेला चहासुद्धा परदेशात गोड लागतो, असे ती म्हणाली. असो.

इथाकाचे रूप कोणी एका दिवसात घडवलेले नाही. हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनद्यांनी ही भूमी नांगरून काढली. त्या नांगराच्या तासांत पाणी भरले आणि अकरा लांबोळकी सरोवरे तयार झाली. नकाशावर ती हाताच्या बोटांसारखी दिसतात म्हणून त्यांना बोटांची सरोवरे म्हणतात. त्यांतल्या कयूगा सरोवराच्या दक्षिण टोकाशी हे गाव आहे. सरोवर साठ किलोमीटरांहून अधिक लांब. तीरावर उभे राहिले तर पलीकडचे टोक दिसण्याची आशा नको. गावातून ओढे वाहतात, तेही साधेसुधे नव्हेत. खडकात खोल घळी कापत, पायरीपायरीने उड्या मारत ते सरोवराकडे येतात. जवळच्या ताघॅनक धबधब्याची धार २१५ फूट खाली कोसळते. उंचीने तो नायगारालाही मागे टाकतो. मी गेलो तेव्हा त्याच्या कडांना बर्फाचे जाड पडदे लटकत होते आणि मधोमध एक पांढरी धार तेवढी जिवंत होती.

टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ आहे. तारायंत्राच्या धंद्यात पैसा मिळवलेल्या एझ्रा कॉर्नेलने विद्वान अँड्र्यू व्हाइट याच्या साथीने १८६५ साली ते स्थापन केले. आवारात १६१ पायऱ्यांचा एक मनोरा आहे आणि त्यात २१ घंटा आहेत. विद्यार्थी त्या हाताने वाजवतात. बर्फ पडत असताना त्यांचा आवाज कापसात गुंडाळून आल्यासारखा येतो. आपले रतन टाटा येथेच वास्तुशास्त्र शिकले आणि १९६२ साली त्यांना पदवी मिळाली. मुंबईच्या उकाड्यातून आलेला तो तरुण या चढावरून बर्फ तुडवत वर्गाला जात असेल, असे चित्र मी चालताना मनाशी रंगवत होतो. तेवढीच पायांना ऊब!

पण दाजींना मनोरा, धबधबा आणि टाटा यांपैकी कशाचेही कौतुक नाही. पाहुणा आला की ते त्याला एकाच देवळात नेतात. त्या देवळाचे नाव लायना रिंक.

पूर्वी विद्यापीठाच्या आवारातले बीबी तळे गोठले की त्याच्यावरच हॉकीचे सामने होत. हवा उबदार निघाली तर सामना पाण्यात! १९५७ साली छपराखाली कृत्रिम बर्फाचे हे मैदान झाले आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत कॉर्नेलच्या पोरांनी देशभर नाव काढले. १९६७ साली ते अमेरिकेतल्या कॉलेजांचे विजेते झाले; तेव्हा गोलात उभा होता केन ड्रायडन, जो पुढे व्यावसायिक हॉकीत जगप्रसिद्ध झाला. १९७० साली तर त्यांनी हंगामातले २९ च्या २९ सामने जिंकले. लायनात माणसे मावतात सव्वाचार हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या एखाद्या बऱ्यापैकी नाट्यगृहाच्या चौपट. पण आवाज मात्र वानखेडेइतका.

ताईचा गुडघा जायबंदी म्हणून तिची हंगामाची जागा रिकामी होती. दाजींच्या उजवीकडची ती खुर्ची मला मिळाली. डावीकडे पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ होते. गावात नळजोडणीची कामे करून आता ते निवृत्त झाले आहेत. बारा वर्षे हे दोघे शेजारी बसतात. एकमेकांच्या घरी फारसे जात नाहीत, पण पंचाला नावे ठेवण्यात त्यांचा सूर असा जुळतो की जणू एकाच गुरूकडे शिकलेले दोन गवई!

इथल्या प्रेक्षकांचे कुळाचारही ऐकण्यासारखे आहेत. पाहुण्या संघातील खेळाडूंची नावे पुकारली जातात तेव्हा विद्यार्थी वर्तमानपत्रे उघडून तोंडापुढे धरतात. तुमच्यात आम्हांला काडीचा रस नाही, असा त्याचा अर्थ. पाहुण्या गोलरक्षकाने गोल खाल्ला की त्याच्याकडे बोटे रोखून 'चाळणी, चाळणी' अशा अर्थाचा इंग्रजी गजर होतो. हार्वर्डचा संघ बर्फावर उतरतो तेव्हा त्याच्या अंगावर चक्क मासे फेकले जातात! सांगतात ते असे की १९७३ साली हार्वर्डच्या मैदानावर कॉर्नेलच्या गोलरक्षकाकडे कोणी मेलेली कोंबडी भिरकावली. कॉर्नेलला शेतकी विद्यालय आहे, त्यावरचा तो टोमणा. त्याची परतफेड कॉर्नेलकर अजून करताहेत. बोस्टनचे बंदर मासळीचे, म्हणून मासे. वैर असावे तर असे, पिढीजात आणि निरुपद्रवी. निदान माणसांना, माशांचे मी सांगत नाही.

हा खेळ आपल्या हॉकीचा भाऊ खरा, पण थंड देशात वाढलेला आणि म्हणून फार तापट. प्रत्येक बाजूला पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. चेंडूऐवजी रबराची चकती. ती उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवतात. वजन सुमारे १७० ग्रॅम, आणि जोरात मारली तर ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावते. अंगावर आदळणे नियमात बसते, पण पाठीमागून आदळणे बसत नाही. काठीने चकती ओढणे बसते, पाय ओढणे बसत नाही. गुन्हा झाला की खेळाडूला मैदानाकडेच्या काचेच्या खोलीत दोन मिनिटे जाऊन बसावे लागते आणि तोवर त्याचा संघ एका माणसाने तोकडा पडतो. आपल्या शाळेत बाकावर उभे करत, त्यातलाच प्रकार. फक्त येथे चार हजार माणसे टाटा करतात.

हे सगळे पाहायला दोन पंच आणि दोन रेषापंच असतात. अंगात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा. पंचांच्या दंडावर नारिंगी पट्टी. खेळाडू मिनिटाभराने बदलतात, दम खाऊन पुन्हा उतरतात. पंच मात्र साठ मिनिटे बर्फावरच. ही मंडळी पोटासाठी बहुधा दुसरी नोकरी करतात आणि शुक्रवार-शनिवारी गाडी हाकत गावोगावच्या कॉलेजांत सामने चालवायला जातात.

मी पाहिला तो सामना शुक्रवारचा होता. पाहुणा संघ कोणता ते सांगत नाही, कारण त्याचा काही दोष नव्हता. तिसऱ्या भागातली तीन मिनिटे उरली असताना दोन-दोन अशी बरोबरी होती. आमच्या एका पोराने (एका संध्याकाळीत तो 'आमचा' झाला होता!) उजवीकडून चकती मारली. गोलरक्षक गुडघ्यांवर कोसळला. चकती त्याच्या पायाखालून निसटून पाठीमागे पडली, गोलरेषेपासून हातभर अंतरावर, मोकळी. आम्ही बसलो होतो तेथून ती शुभ्र बर्फावर मोहरीसारखी स्वच्छ दिसत होती. गोलरक्षकाला पत्ता नव्हता. आमचा दुसरा पोरगा झेपावला, त्याने काठी टेकवली, चकती जाळ्यात गेली. सगळे सभागृह उभे राहिले आणि दाजींनी मला मिठी मारली.

पण शिट्टी आधी वाजली होती! अर्धा क्षणच, पण आधी. पंचाने दोन्ही हात आडवे फिरवले. गोल नाही.

नियम असा आहे की चकती पंचाला दिसेनाशी झाली की त्याने खेळ थांबवायचा. गोलरक्षकाच्या अंगाखाली ती दबली असेल आणि खेळ चालू राहिला, तर चार जण तिच्यासाठी त्याच्या बोटांवर काठ्या हाणतील. म्हणून हा नियम, आणि नियम शहाणा आहे. त्याच्यापुढे आणखी एक पायरी आहे. शिट्टी तोंडापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून पंचाने थांबवायचे ठरवले त्याच क्षणी खेळ थांबला असे धरतात. चित्रफीत पाहून निकाल फिरवायची सोय कॉलेजच्या हॉकीतही आहे. पंच पडद्यापाशी गेला, पाहिले, परत आला. चकती मोकळी होती हे त्या पडद्यावरही दिसले असणार. पण थांबलेल्या खेळात गोल कुठून व्हायचा? चार हजारांनी पाहिले ते घडलेच नाही, कारण एकाला ते दिसले नव्हते.

पुढे जे झाले ते शब्दांत पकडणे कठीण आहे. विद्यार्थी पंचाच्या डोळ्यांविषयी आणि कानांविषयी एका तालात गाऊ लागले. पांढरी दाढी उभी राहून काचेवर मुठी मारत होती. आणि आमचे दाजी, जे घरात मांजरीलाही 'जरा सरकता का' म्हणतात, ते त्या पट्टेवाल्याला काय काय म्हणाले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. जादा वेळेत पाहुण्यांनी एक गोल केला आणि सामना संपला.

घरी येऊन ताईने गरम केलेली आमटी पुढे ठेवली, तरी दाजींचा ताव उतरेना.

"मास्तर, तुम्हीच सांगा. दिसली की नाही चकती?"

"दिसली."

"मग? माणूस दीड तास रांग लावतो, हंगामाचे पैसे भरतो, पोरं वर्षभर घाम गाळतात; आणि एक माणूस येऊन म्हणतो, मला दिसलं नाही! हे काय कारण झालं?"

दाजी पुण्याचे. कॉलेजात असताना ते आपली मातीवरची हॉकी खेळत. खडकीच्या पोरांशी खेळायला मिळायचे, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा अभिमान; ज्या खडकीने देशाला धनराज पिल्ले दिला, ती खडकी. त्यामुळे पंचांविषयीची त्यांची तक्रार दोन खंडांत पसरलेली आहे. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आपल्या मुलींविरुद्ध ऑस्ट्रेलियाचा हुकलेला फटका पुन्हा घ्यायला लावला, का, तर घड्याळ सुरू केले नव्हते! आंतरराष्ट्रीय संघटनेने पुढे दिलगिरी व्यक्त केली, पण सामना थोडाच परत आला? आणि ४ ऑगस्ट २०२४. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासला तांबडे कार्ड. इथाकात तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते आणि दाजी अंधारात दूरचित्रवाणीशी भांडत होते. दहा माणसांनी उरलेला सामना रेटून भारताने तो पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकला आणि वर पंचगिरीविरुद्ध रीतसर तक्रारही केली. "जिंकूनसुद्धा तक्रार केली! याला म्हणतात न्याय," असे दाजी अजून सांगतात.

मी साहित्याचा माणूस; मला वेगळेच आठवत होते. जवळच ज्याच्या नावाचे गाव आहे त्या होमरच्या 'इलियड'मध्ये, तेविसाव्या सर्गात, पॅट्रॉक्लसच्या स्मरणार्थ रथांची शर्यत होते. रथ अजून दूर आहेत आणि प्रेक्षकांत दोन वीरांची जुंपते. एक म्हणतो, डायोमीडीझ पुढे आहे. दुसरा म्हणतो, तुझे डोळे म्हातारे झाले, उगीच बडबडू नकोस. प्रकरण पैजेवर येते. शेवटी अकिलीसला उठून दोघांना गप्प बसवावे लागते. शर्यत संपल्यावर आणखी एक भांडण होते: मेनेलाउस म्हणतो, मला कपटाने मागे टाकले. आणि आपल्याकडचा गदायुद्धाचा प्रसंग घ्या. भीम आणि दुर्योधन दोघेही बलरामाचे शिष्य. बेंबीखाली वार करायचा नाही हा नियम. कृष्णाच्या सूचनेवरून अर्जुन मांडीवर थाप मारून खूण करतो, भीम मांडी फोडतो. आणि सगळ्या सभेत एकटा बलराम नांगर उगारून उठतो. त्याला आवरतो कोण? कृष्णच! बलराम रागारागाने द्वारकेला निघून जातो, पण निकाल बदलत नाही. तात्पर्य, खेळ जितका जुना तितकीच ही तक्रार जुनी. आणि ती खोटीही नाही. नियम मोडलेला ज्याला दिसतो आणि तरीही ज्याला राग येत नाही, त्याला खेळ कळलाच नाही.

हे सगळे मी बोलून दाखवले. दाजी खूश झाले. बलरामाच्या पंक्तीला बसवल्यावर कोण खूश होणार नाही?

फक्त माझी भाची गप्प होती. सतरा वर्षांची पोर. ताटातला भात चिवडत म्हणाली, "मामा, उद्या सकाळी सातला माझी मॅच आहे. येतोस?"

मला वाटले ती खेळते. तिने खोलीतून सदरा आणून दाखवला. काळे-पांढरे पट्टे.

गोष्ट अशी होती. गावात लहान मुलांची हॉकी जोरात चालते आणि आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या सामन्यांना पंच म्हणून सोळा-सतरा वर्षांची मुले घेतात. त्यांना आधी शिकवणी असते, परीक्षा असते, दर हंगामाला नाव नोंदवावे लागते. सामन्यामागे थोडे पैसेही मिळतात. भाचीने आदल्या वर्षी तिघी मैत्रिणींबरोबर नाव घातले होते. दोघींनी पहिल्याच हिवाळ्यात सदरा उतरवला. कारण मुले नव्हेत, मुलांचे आईबाप! तिसरीचे डळमळत होते. आणि ताई मला हळूच म्हणाली, "हिचंही पुढच्या वर्षीचं काही खरं नाही. परवा रात्री रडली. तुझ्या दाजींना सांगू नकोस."

सकाळी बाहेर उणे दहा अंश. रिंकवर पोचलो तेव्हा मैदान रिकामे होते. भाचीने माझा दंड धरून मला बुटांनिशी जपून बर्फावर नेले. गोलाच्या एका बाजूला, कोपऱ्याजवळ, रेषेपासून चार पावलांवर मला उभे केले.

"काल तो रेफरी इथे होता."

मग गोलापुढे तिने आपली फुगीर पिशवी गोलरक्षकासारखी आडवी टाकली आणि तिच्यामागे चकती ठेवली.

"दिसते?"

नाही दिसली. मी मान वाकडी केली, टाचा उंचावल्या. पिशवीच दिसत होती.

"बाबा आणि तू कुठे बसला होता? वर, आणि दुसऱ्या बाजूला. तिथून दिसतेच. पण मामा, काल तो चुकलाच हं. त्याने इकडे, गोलरेषेच्या मागे यायला हवं होतं. आम्हांला हेच शिकवतात. दिसत नसेल तर पाय हलवा. तो मागे पडला होता, थकला असेल."

रात्री चार हजारांनी जे म्हटले त्याहून अधिक कडक टीका या पोरीने केली. पण तिच्या टीकेत त्या माणसाने पुढच्या वेळी काय करावे हेही होते.

सामना सुरू झाला. बर्फावर एवढी एवढीशी पोरे, जणू चिलखत चढवलेल्या कोंबड्या. अर्धी पडत होती, अर्धी पडलेल्यांवर पडत होती. काचेबाहेर पन्नासएक आईबाप कॉफीचे पेले धरून. दाजी माझ्याजवळ हाताची घडी घालून उभे होते. तोंडातून चकार शब्द नाही. लायनातला तो माणूस जणू घरीच राहिला होता!

दहाव्या मिनिटाला भाचीने एका पोराला काठी अडकवल्याबद्दल दोन मिनिटे बाहेर बसवले. पलीकडून आवाज आला, "आंधळी आहेस का?" पुढच्या शिट्टीला तोच आवाज, अधिक मोठा. तिसऱ्यांदा त्या आवाजाबरोबर काचेवर मूठ आदळली. तो आवाज माझ्या ओळखीचा होता आणि ती मूठही. पांढरी दाढी! त्यांचा नातू त्या संघात खेळत होता. जाळीच्या शिरस्त्राणामागे कोण आहे याची त्यांना कल्पना नव्हती.

दाजी हलले नाहीत. त्यांचा चेहरा मात्र पाहण्यासारखा झाला होता.

अमेरिकेतल्या हॉकी संघटनेचा यावर नियम आहे. प्रेक्षक शिवीगाळीवर आला तर पंचाने खेळ थांबवावा, त्या माणसाला बाहेर न्यायला सांगावे आणि तो जाईपर्यंत खेळ सुरू करू नये. नियम पुस्तकात असणे सोपे आहे. सतरा वर्षांच्या मुलीने साठीच्या माणसाकडे बोट दाखवणे सोपे नाही. भाची मैदानाच्या मधोमध क्षणभर उभी राहिली. मला आठवली ती रात्री रडल्याची गोष्ट. मग तिने शिट्टी फुंकली, सरळ त्या संघाच्या प्रशिक्षकाकडे गेली आणि हाताने काचेपलीकडे दाखवले. आवाज चढला नाही. दोन वाक्ये बोलली, आणि मागे सरून थांबली. सगळी पोरे थांबली. पन्नास आईबाप थांबले.

तेव्हा दाजी निघाले. मला वाटले, आता भांडण होणार. ते काचेला वळसा घालून गेले, दाढीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, कॉफी घेऊ." दोघे बाहेर गेले. आत शिट्टी वाजली, खेळ सुरू झाला.

मी मागोमाग गेलो. दाराबाहेर थंडीत दोघे वाफाळते पेले धरून उभे होते. पुष्कळ वेळ कोणी बोलले नाही. मग दाढीवाले म्हणाले, "तुझी मुलगी आहे हे मला ठाऊक नव्हतं." दाजींनी नुसती मान हलवली. आणखी थोड्या वेळाने ते गृहस्थ स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "काल रात्री आपण दोघं याच्या दुप्पट ओरडलो." दाजींनी यावरही काही उत्तर दिले नाही. कॉफी मात्र पुरी संपवली.

या गोष्टीवर मी परतीच्या विमानात बराच विचार केला. पंच वाईट असतात ही तक्रार खरी आहे. शुक्रवारचा तो पंच जागेवर नव्हता. त्याचे भाचीनेही समर्थन केले नाही. पण चांगला पंच येतो कोठून? तो काही झाडाला लागत नाही. चाळिशीचा जाणता पंच म्हणजे सोळाव्या वर्षी लहान पोरांच्या सामन्यात शिट्टी फुंकायला लागलेला आणि पंचवीस हिवाळे टिकून राहिलेला मुलगा. अमेरिकेत करोनाच्या साथीनंतर मुलांच्या खेळांना पंच मिळत नाहीत ही ओरड गावोगाव ऐकू येते. दहा जणांनी सुरुवात केली आणि आठ जण पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात शिव्या खाऊन घरी बसले, तर वरच्या पायरीवर निवड कोणातून करायची? उरलेल्या दोघांतून. मग ते दोघे जसे असतील तसे घ्यावे लागतात, त्यांच्यावर सामन्यांचे ओझे पडते, ते थकतात, मागे पडतात. आणि चकती गोलरक्षकाच्या पायामागे पडते तेव्हा चुकीच्या कोपऱ्यात उभे असतात. म्हणजे शनिवारी सकाळी आपण जे पेरतो, तेच शुक्रवारी रात्री आपल्या पदरात पडते.

आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? गल्लीतल्या कबड्डीला दम तुटला की नाही हे ऐकणारा पंच एकटा असतो आणि न ऐकता ठरवणारे दोनशे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना पंच म्हणून उभा राहायला माझ्या कॉलेजातला एकही मुलगा तयार होत नाही, विचारले तर म्हणतो, "सर, मार कोण खाणार?" संघात घ्या म्हणून मात्र रांग लागते.

परवा ताईचा फोन आला. गुडघा उत्तम आहे. म्हणजे माझी खुर्ची गेली. नवा हंगाम सुरू होतो आहे. भाचीने पुन्हा नाव नोंदवले आहे, आणि डळमळणाऱ्या मैत्रिणीलाही ओढून नेले आहे. पांढऱ्या दाढीने नातवाच्या सामन्यात काचेपासून चार हात दूर उभे राहण्याचे कबूल केले आहे.

"आणि दाजी?" मी विचारले. "लायनात ओरडायचे थांबले का?"

"छे! त्यांचं ओरडणं थांबलं तर डॉक्टरला बोलवावं लागेल," ताई म्हणाली. "पण आता लेक शेजारी बसते. तिने अट घातलीय, ओरडायचं असेल तर मराठीत ओरडा. आणि 'आंधळा' म्हणायचं नाही. कुठे उभं राहायला हवं होतं ते सांगायचं."

त्यामुळे या हिवाळ्यात इथाका गावी, होमर आणि व्हर्जिल यांच्या शेजारी, बर्फावरच्या एका अमेरिकन पंचाला शुद्ध पुणेरी मराठीत सल्ला मिळणार आहे: "अहो, जरा रेषेच्या मागे या! तिथून नाही दिसायचं तुम्हांला!"